शेराला एक आणा : एमएच्या प्रोजेक्टचा माझा अनुभव

मी सोलापूरची, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट बघते. सुताची बिलं, कामगारांचे पगार, महिन्याला जीएसटीचं रिटर्न, हेच माझं काम. एमए इकॉनॉमिक्स बाहेरून केलं, वयाच्या ३९व्या वर्षी, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय घेतला गोपाळ कृष्ण गोखल्यांचं २६ मार्च १९०२चं बजेट भाषण. एवढा जुना विषय कशाला, असं घरापासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

खरं तर मला जीएसटीवरच करायचं होतं पण गाईड सर म्हणाले की त्यावर दरवर्षी वीस प्रोजेक्ट येतात, सगळे सारखेच, तुम्हाला हिशोब कळतो तर असं काहीतरी घ्या जिथे तो हिशोब कामाला येईल. गोखले मला शाळेच्या पुस्तकापुरतेच माहीत होते, गांधीजींचे गुरू, मवाळ, बस. ते कलकत्त्याच्या कायदेमंडळात जाऊन देशाच्या जमाखर्चावर दरवर्षी बोलायचे हे मला सरांनी सांगितल्यावरच कळलं.

पहिले दोन महिने फक्त वाचण्यात गेले. इंग्रजी जुनं, एकेक वाक्य सात-आठ ओळींचं, आकडे काही पौंडात काही रुपयांत, १५ रुपयांना एक पौंड धरून मी सगळं एक्सेलमध्ये रुपयांत करून घेतलं तेव्हा कुठे डोळ्यासमोर चित्र आलं. रात्री स्वयंपाक, भांडी आवरून एक पॅरा, आणि रविवारी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून दोन-तीन पानं. पण भाषणाची सुरुवातच अशी आहे की मी तिथेच थांबले. सरकारला त्या वर्षी सात कोटींची शिल्लक पडलेली, सभेत सगळे अर्थसदस्यांचं, म्हणजे तेव्हाच्या अर्थमंत्र्यांचं, अभिनंदन करतायत, समोर व्हाइसरॉय कर्झन बसलेले, आणि हा जेमतेम ३५ वर्षांचा माणूस पहिल्याच बजेट भाषणात उठून म्हणतो की मला मनापासून या अभिनंदनात सामील होता येत नाही. आणि त्यांना बजेटवर मत द्यायचा अधिकारसुद्धा नव्हता. १८९२च्या कायद्याने सभासदांना फक्त बोलता यायचं, एक आकडा इकडचा तिकडे करता यायचा नाही. तरी एवढी तयारी! सरकारी हायस्कुलात शिक्षक असलेले गणेश व्यंकटेश जोशी त्यांना आकडे काढून द्यायचे, सरकारचेच अहवाल चाळून चाळून. मला हे वाचून फार बरं वाटलं, आकडे काढून देणाऱ्या माणसाचं काम काय असतं ते मला माहीत आहे.

आता शिल्लक वाईट कशी, हे मला आधी कळेचना. १८९६-९७ आणि परत १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ, वर प्लेग, लोक हैराण, आणि तिजोरीत मात्र दरसाल पैसा उरतोय. गोखल्यांचं म्हणणं की लोकांची हालत आणि तिजोरीची हालत यांचा मेळच राहिला नाही. पण पैसा उरला कुठून? तर सरकारला विलायतेत दरवर्षी पौंडात खर्च पाठवावा लागायचा, रुपया घसरला की जास्त रुपये लागायचे, म्हणून आधी कर वाढवले. १८९३ला टांकसाळीत लोकांची चांदी रुपये पाडायला घेणं बंद झालं, नवे रुपये येणं आटलं, म्हणून १३ पेन्सपर्यंत (पेन्स म्हणजे विलायतेतले सुटे पैसे) उतरलेला रुपया हळूहळू १६ पेन्सवर आला, खर्च कमी झाला, पण वाढवलेले कर तसेच राहिले. हे मला आमच्या ट्रान्सपोर्टच्या बिलावरून समजलं. डिझेल वाढलं तेव्हा गाडीभाड्यात जादा आकार लागला, डिझेल उतरलं तरी तो आकार बिलावर चालूच, आणि तो मी दर महिन्याला पास करत होते. तो धागा सापडल्यावर पुढचं भाषण सरसर वाचून झालं.

मग मीठ. १८८८ला मिठावरचा कर मणाला दोन रुपयांचा अडीच रुपये केलेला. अडीच रुपये म्हणजे ४० आणे, मणाचे ४० शेर, म्हणजे शेराला बरोबर एक आणा. हा हिशोब मी कागदावर मांडला आणि आईला दाखवला, तिनं ३० वर्षं बिड्या वळल्यात, पै-पैचा हिशोब तोंडपाठ. ती म्हणाली, "मीठ काय गरीब कमी खातोय होय गं? भाकरी-चटणीला मीठ तर लागतंच की." गोखल्यांचा मुद्दा तोच होता, फक्त त्यांनी तो तक्ते लावून मांडला.

पहिला ड्राफ्ट सरांनी परत दिला. म्हणाले, तुम्ही आरती लिहून आणलीय, सरकारची बाजू कुठाय? मला राग आला तेव्हा, पण ते बरोबर होते. सरकारचं म्हणणं असं की दुष्काळ, युद्ध, रुपयाचा भाव, कशाचाच भरवसा नाही, हातात शिल्लक पाहिजे. ते मी घातलं. दुसरं म्हणजे मी लिहिलं होतं की भाषणामुळे १९०३ला मिठाचा कर आठ आण्यांनी उतरला आणि इन्कम टॅक्सची मर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली. या दोन्ही मागण्या गोखल्यांच्या होत्याच, पण सरांनी 'भाषणामुळे' वर लाल रेघ मारली, 'भाषणानंतर' करा म्हणाले. आणि गोखले नुसते कर कमी करा म्हणत नव्हते हेही मी आधी नीट लिहिलं नव्हतं. इन्कम टॅक्स असावा, फक्त लहान माणसाला सोडा, लष्करावरचा खर्च आवरा, उरलेला पैसा प्राथमिक शिक्षणाला घाला, असं ते सगळं एकात एक आहे.

तिसरी मागणी गिरणीच्या कापडावरची साडेतीन टक्के अबकारी काढून टाकण्याची. १८९६पासून तो कर होता, विलायती कापडावर जेवढी जकात तेवढाच इथल्या गिरण्यांवर. त्या प्रकरणात मी सगळ्यात जास्त रमले, माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते ना. तो कर १९२५-२६मध्ये गेला, गोखले जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

सबमिशनच्या वेळी पोर्टलवर फाइल चार वेळा अडकली, तो त्रास सगळ्यांनाच होतो, सोडून देते. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, घरात पैसे उरले तर चांगलं, मग सरकारचे उरले तर वाईट कसे? मी म्हटलं, मॅडम, घरात उरलेला पैसा घरातच राहतो, इथे दुष्काळातून उठलेल्या माणसाच्या मिठातून शेरामागं आणा काढून तो उरलाय, आणि त्याला विचारणारं मत सभेत कुणाकडेच नव्हतं. मग विचारलं, आजच्या बजेटला हे लागू होतं का? मी सरळ सांगितलं की जसंच्या तसं नाही, आज आपलं बजेट तुटीचं असतं आणि खासदार त्यावर मत देतात. पण आईच्या घरातला हिशोब सांगितला, मिठावर जीएसटी नाही, तिच्या बिडीवर २०१७पासून २८ टक्के होता, १ फेब्रुवारी २०२६पासून १८ झाला, आणि असा दर बदलला की तो कुणाच्या खिशातून जातो हे मी आता आधी बघते. मॅडमनी त्या पानावर टिक केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

निकाल लागला, पास झाले. आता १९०३चं भाषण वाचायला घेतलंय. त्यात मिठाचा कर उतरवल्याबद्दल अभिनंदन आहे, आणि लगेच पुढची मागणी.