तुम्ही विचारलंत म्हणून: सिम्पसनच चांगला ना?

सबमिशन जवळ आलं की कुणीतरी विचारतंच, "सर, इंटिग्रेशनला सरळ सिम्पसन वापरायचा ना? मग ट्रॅपेझॉइडल शिकवता कशाला?"

दोन्ही आलेखाखालचं क्षेत्रफळ उभ्या पट्ट्या पाडून अंदाजे काढायच्या रीती: ट्रॅपेझॉइडल पट्टीचा माथा सरळ रेषेने जोडतो, सिम्पसन दोन-दोन पट्ट्यांवर पॅराबोला बसवतो. तर हो, बहुतेक वेळा सिम्पसनच. पट्टीची रुंदी निम्मी केली की ट्रॅपेझॉइडलची एरर चौथ्या हिश्श्यावर येते, सिम्पसनची सोळाव्या. पण फंक्शन गुळगुळीत असेल तर (कुठे टोक नाही, कुठे उतार अनंत नाही), हे मी फळ्यावर लिहितो आणि तुम्ही वहीत उतरवत नाही. शून्य ते एक, एक्सचं वर्गमूळ घ्या. शून्यापाशी स्पर्शिका उभी. तिथे रुंदी निम्मी करूनही सिम्पसनची एरर एक तृतीयांशावरसुद्धा येत नाही.

एका मुलीला प्रॅक्टिकलला ई-चा कॉस एक्स घात (e^cos x) आलं होतं, शून्य ते २π, चार पट्ट्या. खरं उत्तर ७.९५४९. तिचं ट्रॅपेझॉइडल ७.९८९३, सिम्पसन ७.४२०६. "सिम्पसन वाईट कसा येईल? कोडमध्ये बग आहे," असं तपासणाऱ्यांनी म्हटलं आणि जर्नलवर सही मिळाली नाही. दुपारभर ती तो बग शोधत होती. चार आणि दोनचे गुणक उलटे लावून पाहिले, लूप एकने कमी करून पाहिला. संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा रडायचीच बाकी होती. मी कागदावर केलं. कॉसच्या किमती एक, शून्य, उणे एक, शून्य, करायला वेळ लागत नाही. तिचेच आकडे आले.

सिम्पसन म्हणजे चार पट्ट्यांच्या ट्रॅपेझॉइडलची चौपट, वजा दोन पट्ट्यांचं उत्तर, भागिले तीन. दोन पट्ट्यांचं उत्तर इथे ९.६९५५. पूर्ण आवर्तनावर दोन्ही टोकांचे डेरिव्हेटिव्ह (उतार वगैरे) सारखे असतात, म्हणून ट्रॅपेझॉइडलची नेहमीची एरर आपोआप उडालेली असते. नसलेला रोग घालवायला सिम्पसन ते दोन पट्ट्यांचं रद्दी उत्तर औषध म्हणून मिसळतो.

तिला पटलं. दुसऱ्या दिवशी तिने फंक्शन बदलून एक भागिले एक अधिक एक्स वर्ग घातलं आणि सही घेतली. मी तिला काय बोलणार? "डोळे मिटून सिम्पसन लावा" हे वर्गात मीच सांगत आलोय, आणि साठ पोरांचा पेपर डोक्यावर असताना आजही तेच सांगेन. फंक्शन आधी काढून बघा, असंही सांगतो. ही दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत, ते मला दिसतं.