नऊ त्रिक सत्तावीस

माझ्या आजीची रास मेष. २०२५च्या २९ मार्चला शनी मीन राशीत गेला आणि घरात जाहीर झालं, आजीला साडेसाती लागली. ही तिची तिसरी. पहिली १९६६ला लागली होती, दुसरी १९९६ला. पहिलीतच बहात्तरचा दुष्काळ आला, त्यामुळे शनीबद्दल तिचं मत पक्कं आहे. दुष्काळ काही एकट्या मेषवाल्यांना पडला नव्हता, असं मी एकदा सुचवून पाहिलं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मारुतीला वाहायच्या तेलाची वाटी माझ्याच हातात दिली.

साडेसातीवर माझा विश्वास नाही. तिच्यातल्या हिशेबावर मात्र आहे. शनीची सूर्याभोवती एक फेरी व्हायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली तर प्रत्येकीला अडीचच्या आसपास, आणि अशा तीन राशी म्हणजे साडेसात. जुन्या लोकांनी दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी त्याची चाल मोजली आणि नावही तसंच ठेवलं. शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा.

यंदा पोळ्याच्या रात्री पाऊस उघडला होता. अमावास्या, त्यात लाइट गेलेली. आजी अंगणात बाजेवर पडली होती. निंबाच्या वर एक फिक्कट पिवळा, न लुकलुकणारा ठिपका आला होता. म्हटलं, हा पाहा तुझा शनी.

तिनं झोपल्याझोपल्याच हात जोडले. "लंगडा हाये तो. म्हनून हळू चालते."

मी म्हणणार होतो, लंगडा नाही गं, त्याचा रस्ता लांब आहे. पण तेवढंच म्हटलं असतं तर मीच चुकलो असतो. समोर गोठ्यात शिंगांना बेगड लावलेले बैल रवंथ करत होते. त्यांच्याकडे पाहून मला आमचं खळं आठवलं.

आता सोयाबीन थ्रेशरमध्ये जातं आणि अर्ध्या दिवसात धुरळा खाली बसतो. तेव्हा ज्वारीच्या मळणीला खळ्याच्या मधोमध खांब रोवून चार बैल एका ओळीत, एका दोरात बांधत. खांबाजवळ म्हातारा बैल, कारण त्याला जवळजवळ जागच्या जागीच फिरायचं असे. बाहेरच्या टोकाला तरणा गोऱ्हा. त्याचा घेर मोठा, म्हणून बिचारा नुसता धावत असे, तोंडाला फेस येईपर्यंत. पण फेरी सगळ्यांची एकदमच पुरी व्हायची. दोरच एक होता ना!

ग्रहांना असा दोर नाही. शनी सूर्यापासून आपल्यापेक्षा साडेनऊ पट लांब आहे. दोरात बांधलेला असता तर साडेनऊ पट वेगानं पळून वर्षभरात आपल्याबरोबर फेरी पुरी करता. पण इतक्या लांब सूर्याची ओढ आपल्याकडच्या नव्वदाव्या हिश्श्याइतकीच उरते. तेवढ्या ओढीत फार जोरात धावणारा वाटेवर राहायचा नाही, सुटून जाईल. म्हणून पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर पळते आणि शनी जेमतेम दहा. रस्ता साडेनऊ पट, चाल तिसऱ्या हिश्श्याची. साडेनऊ गुणिले तीनला थोडं वर, की साडेएकोणतीस. म्हणजे आजी निम्मी बरोबर होती. तो खरंच हळू चालतो. लंगडा तेवढा नाही.

हे 'तीनला थोडं वर' म्हणजे साडेनऊचं वर्गमूळ. अंतर जितके पट, तितक्याला त्याच्याच वर्गमुळानं गुणायचं, की फेरीचा काळ किती पट ते निघतं. केपलरनं हा नियम १६१९ साली छापला. गंमत म्हणजे तो स्वतः पत्रिका मांडायचा. आजीचं आणि त्याचं चांगलं जमलं असतं.

तेवढ्यात लाइट आली. आजीची मालिका राहिली होती, ती लगबगीनं आत गेली. मी माळवदावरच्या छत्रीकडे पाहत बसलो. आग्नेयेकडे तोंड करून ती बारा महिने एकाच जागेकडे बघत असते. तिथला उपग्रह पृथ्वीच्या मध्यापासून ४२ हजार किलोमीटरवर आहे, आणि चंद्र ३ लाख ८४ हजारांवर. म्हणजे चंद्र नऊ पट लांब. केपलरचा नियम पृथ्वीभोवतीच्या फेऱ्यांनाही चालतो, आणि नवाचं वर्गमूळ तीन.

"आजी, नऊ त्रिक किती?"

"सत्तावीस," आतून आवाज आला. "येवढंबी येत नाई का रे तुले?"

चंद्राला फेरीला सत्तावीस दिवस लागतात, म्हणून तर नक्षत्रं सत्तावीस. मग उपग्रहाला एकच दिवस. पृथ्वीही दिवसात एकदा फिरते, तोही एकदा. दोघांची जोडी सुटत नाही, म्हणून छत्री हलवावी लागत नाही.

हे आजीला सकाळी नीट समजावून सांगायचं ठरवलं होतं. पण पहाटे वानरांची टोळी माळवदावर उतरली. मी वर चढून दोन्ही हातांनी छत्री धरून उभा, आणि खालून आजी ओरडतेय, "आलं... आलं... गेलं! अजून थोडी उजवीकडं घे, बाप्पा!"