अहो बाई, तुम्ही

बुधवार, रात्र

धाकट्याचा स्किझोफ्रेनिया आमच्या घरात आता जुना झालाय. कानात बोलणारे आवाज, टीव्हीतून येणारे इशारे, शेजारच्यांनी लावलेले कॅमेरे, यांच्याशी कसं वागायचं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. गणपतीनंतर त्यानं गोळ्या गुपचूप बेसिनमध्ये टाकायला सुरुवात केली आणि या खेपेला भलतंच काही उपटलं. आई त्याच्या लेखी आई राहिली नाही. दिसते तशीच, चालते तशीच, हनुवटीवरचा तीळही जागच्या जागी. पण ही कुणीतरी आणून बसवलेली बाई आहे आणि खरी आई दुसरीकडे कोंडलेली आहे, असं तो अगदी शांतपणे सांगतो. जन्मभर "अगं आई" करणारा मुलगा तिला "अहो, तुम्ही" म्हणतो. शिवी दिली असती तर तिला इतकं लागलं नसतं.

बाबा खरे. मी खरी. दूधवाला, खालच्या काकू, तेही खरे. बदललेली एकटी आईच. मामाला यातच नाटक दिसतं. "बरा तिलाच ओळखत नाही!" पण या भ्रमाची रीतच अशी आहे. जो जवळचा, बहुतेकदा त्याच्यावरच संशय. काप्ग्रा नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1923 मध्ये आपल्या सहकाऱ्याबरोबर पॅरिसमधल्या एका बाईची हकिगत लिहिली, म्हणून त्याचं नाव याला चिकटलं. त्या बाईचा नवरा आणि मुलगी तिच्या मते बदलली गेली होती. पॅरिसच्या तळघरांत लोक डांबलेत अशी तक्रार घेऊन ती पोलिसांकडेही गेली होती. तिची बाकीची मुलं लहानपणीच गेली होती, हे वाचल्यापासून ती बाई माझ्या डोक्यातून जात नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपलं माणूस समोर आलं की डोळे चेहरा ओळखतात, आणि त्याच वेळी आत काहीतरी हलतं. तळहातावरच्या घामातूनसुद्धा ते मोजता येतं. काप्ग्रामध्ये चेहरा ओळखू येतो, आतलं हलणं होत नाही. एलिस आणि यंग या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये हा तर्क मांडला आणि 1997 च्या चाचण्यांत तो बराचसा जुळलाही. चेहरेच ओळखता न येणाऱ्या काही रुग्णांत नेमकं उलटं सापडतं: माणूस कोण ते सांगता येत नाही, पण त्वचा ओळख देते. मात्र मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काहींमध्येही ही प्रतिक्रिया नसते, तरी ते बायकोला तोतया म्हणत नाहीत. म्हणजे "असं कसं होईल?" म्हणून विचित्र कल्पना झटकून टाकणारी जी शहाणी सवय असते, तीही इथं ढिली पडलेली असावी लागते.

तोतया म्हटलं की आपल्याला सदाशिवरावभाऊंचाच आठवतो. पानिपतानंतर एक परका येऊन "मीच भाऊ" म्हणाला, लोकांनी मानलं, आणि 1776 मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. तिथं निदान पंच बसले, साक्षी झाल्या. आमच्याकडे साक्षीनं उलटंच होतं. त्याच्या लहानपणीच्या गोवराची गोष्ट आईनं बारीकसारीक तपशिलांसह सांगितली, तर तो म्हणाला, "किती छान शिकवलंय तुम्हाला." पुरावा जितका पक्का, तितकी बाई तयारीची! त्यामुळे आता पुरावे बंद. "हो, मी नाहीच तुझी आई" असंही कुणी म्हणायचं नाही. "घरात कुणी परकं आहे असं वाटलं की भीती वाटणारच," एवढं मी म्हणते, आणि ते खोटं नाही.

एक फट मात्र सापडलीय. तो गच्चीवर जाऊन आईच्या मोबाईलवर फोन लावतो. ही स्वयंपाकघरातून उचलते. "आई, कुठंयस तू? घरी एक बाई आलीय." फोनवरची आई खरी! मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांनी वर्णन केलेल्या एका अपघातग्रस्त तरुणाचंही असंच होतं: समोरचे आईबाप खोटे, फोनवरचे खरे. अंध माणसांनाही हा भ्रम झालेला आहे, तेव्हा डोळ्यांवरच सगळं ढकलून चालणार नाही. पण आमच्या घरात आज तरी कान शाबूत आहेत.

मामाला देवऋषी हवाय. बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, एस.टी.त कंडक्टरकी केलेल्या माणसाला वाद लवकर संपवता येतो. या भ्रमाला वेगळं औषध नाही, मूळ आजाराचंच. गोळ्या आता बाबांच्या समोर घ्यायच्या, आणि नाहीच जमलं तर महिन्याचं इंजेक्शन.

डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा बजावली. "खरी आई कुठं ठेवलीत?" हे तो आईला दरडावून विचारायला लागला, की आईनं घरात थांबायचं नाही. या भ्रमात कधी कधी त्या "तोतया"वर हात उगारला जातो. म्हणून सुऱ्या, विळी माझ्या खोलीत कुलपात गेल्यात. सोमवारी त्यानं आवाज चढवला, तेव्हाच मी मावशीला फोन केला.

आई जायला तयार नव्हती. "पोराला असं टाकून?" शुभंकरांच्या, म्हणजे अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या घरच्यांच्या, गटातल्या एका काकूंनी तिला समजावलं, त्यांच्या नवऱ्यानं त्यांनाच घराबाहेर काढलं होतं, आता दोघं एकत्र राहतात. तिला ते पटलं की ती दमली होती, मला कळलं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं बाबा तिला कोल्हापूरला सोडून येतील. रोज संध्याकाळी तिनं तिथून फोन करायचा, जेवलास का विचारायचं, गोळी घेतलीस का विचारायचं. तेवढा वेळ तरी ती त्याची आई असेल.