तुम्ही विचारलंत म्हणून : रत्नागिरीतला शनिवार-रविवार

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, आणि बदली होऊन रत्नागिरीत नव्याने संसार मांडलेली जोडपीही विचारतात: सुट्टीच्या दिवशी तुम्ही दोघं करता तरी काय? चार वेळा समुद्र बघून झाला की पुढे काय?

आमचं उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरू होतं. त्यात तारखेखाली बारीक अक्षरात तिथी असते, ती आम्ही आधी बघतो. इथे सुट्टीचा बेत तिथीवर ठरतो, कारण समुद्र दर शनिवारी त्याच वेळी त्याच जागी नसतो.

हिशेब सोपा आहे आणि किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तो तोंडपाठ असतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, द्वादशीला 9 वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधराव्या, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. भरती दिवसातून दोनदा येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, अष्टमीच्या आसपास जास्तच. अचूक वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक बघावं, पण बेत आखायला पाऊणपट पुरते.

भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो, म्हणून या शनिवारी संध्याकाळी भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटी. चौदा दिवसांनी मात्र गाडी फिरून पुन्हा तिथेच येते, फक्त पाऊण तासभर लवकर. आमच्यापैकी एक बँकेत आणि एक राज्य सरकारच्या कार्यालयात. बँका सप्टेंबर 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे दोघांना मिळून शनिवार सुट्टीचे दोनच, आणि ते चौदा दिवसांच्या अंतराचे. त्यामुळे एका महिन्यातल्या आमच्या दोन्ही सुट्ट्यांना समुद्र जवळपास सारखाच असतो. महिन्यात पाच शनिवार आले की पुढच्या महिन्यात तो उलटतो. एवढं समजलं की दोन महिन्यांचे बेत एका बैठकीत आखता येतात.

आता हे वापरायचं कसं ते सांगतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा शनिवार असेल तर उधाण असतं: पाणी खूप वर चढतं आणि खूप आतही जातं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओहोटी, त्यामुळे भाट्याची पुळण सर्वांत रुंद मिळते, वाळू घट्ट असते आणि सुरूच्या बनापासून लांबवर चालता येतं. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायलाही हीच वेळ. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतार कमी, आणि संध्याकाळी सहाला भरती. त्या दिवशी सूर्यास्त बघायला पुळणीवर उतरण्यापेक्षा रत्नदुर्गावर जावं, नाहीतर आरे-वारेच्या चढावर गाडी कडेला लावून बघावं.

एक गोष्ट नव्या लोकांना आम्ही आवर्जून सांगतो. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. अशा खाडीच्या मुखाशी ओहोटी सुरू असताना पाणी दिसायला शांत असतं, पण खाडीतलं सगळं पाणी समुद्राकडे खेचलं जात असतं, आणि पोहणारा माणूस त्याच्याबरोबर जातो. मुखापाशी कधीच पोहू नये. उघड्या किनाऱ्यावरही दोन बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, असं दिसलं तर तो मधला पट्टा टाळावा. आत गेलेलं पाणी तिथूनच परत बाहेर पडतं. त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नये, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावं. आणि चारचाकी वाळूवर उतरवू नये. ओहोटीला घट्ट वाटलेली वाळू भरतीच्या पाण्याने चाकाखाली सैल होते, आणि मग दोर लावून ओढणारे मिळेपर्यंत पाणी इंजिनात शिरलेलं असतं.

मासळीचं म्हणाल तर आम्ही ती शनिवारी संध्याकाळी आणतो. सोमवार, गुरुवार, शनिवार पुष्कळ घरांत मासे होत नाहीत, म्हणून शनिवारी गिऱ्हाईक कमी आणि भाव बरा. रविवारी सकाळी अख्खं गाव बाजारात उतरतं. घेताना कल्ले उचलून बघायचे, लालभडक हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, अंगठ्याने दाबलं तर खळगा राहता कामा नये. सुरमईचे कापलेले तुकडे घेण्यापेक्षा अख्खा मासा समोर कापून घ्यावा.

बांगड्याबद्दल विशेष काळजी घ्यावी लागते. तो उन्हात किंवा नुसता पिशवीत तास-दोन तास राहिला की त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. मग खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. लोक म्हणतात मासा बाधला. शिजवून किंवा तळून हिस्टामिन जात नाही, म्हणून उपाय एकच: बाजारात जाताना डबा आणि फोडलेला बर्फ न्यायचा, खाली-वर बर्फ आणि मध्ये मासा. घरी आल्यावर लगेच डोकं, पोट साफ करून, धुऊन, पाणी पूर्ण निथळून, झाकणाच्या डब्यात फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवायचा. पाणी राहिलं तर सकाळी मांस मऊ पडतं.

रविवारी दुपारी त्याचं तिखलं. मध्यम आकाराचे चार बांगडे, प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे. पसरट भांड्यात दोन चमचे लाल तिखट, अर्धा चमचा हळद, मीठ, पाच-सहा आमसुलं आणि आठ-दहा तिरफळं. तिरफळाच्या आतलं काळं बी काढून टाकायचं, ते कचकचतं. साल थोड्या पाण्यात ठेचून पाण्यासकट घालायची. वाटून घेतली तर कडवट होते. वाटीभर पाणी, वरून दोन चमचे खोबरेल, आणि उकळी आली की तुकडे सोडून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. चमच्याने ढवळायचं नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, नाहीतर मासा मोडतो. तिरफळ बांगडा, तारली अशा तेलकट मासळीला शोभतं. पापलेटला लावू नका, त्याची चव मारली जाते.

सकाळच्या न्याहारीला घावनं. जुना जाडा तांदूळ दोन वाट्या, रात्रभर भिजवून अगदी बारीक वाटायचा, मीठ घालून ताकासारखं पातळ करायचं. नवा तांदूळ चिकट असतो, त्याचं घावन तव्याला धरतं. तवा बिडाचा हवा आणि धूर येईपर्यंत तापलेला हवा. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, मग पीठ कडेकडून मध्याकडे ओतायचं. चर्र असा आवाज आला आणि जाळी पडली म्हणजे ताप बरोबर आहे. झाकण ठेवायचं, कडा आपसूक सुटल्या की उलथण्याने काढायचं, उलटायचं नाही. तांदूळ तळाशी बसतो, म्हणून दर घावनाआधी पीठ ढवळायला विसरलं की पहिली पातळ फाटतात आणि शेवटची जाड होतात. आमच्याकडे एकाने वाटायचं आणि ओतायचं, दुसऱ्याने खोबरं खवून गूळ घालून रस करायचा. तवा एकच असल्यामुळे गरम घावन आळीपाळीने खावं लागतं, आणि आठवडाभरातल्या राहिलेल्या गप्पा त्या अर्ध्या-पाऊण तासात होतात.

बाहेर जायचं तर उधाणाच्या शनिवारसाठी आमची पहिली शिफारस हेदवीची. तिथे उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक अरुंद घळ आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीची लाट घळीत कोंडली जाते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते आणि एवढ्यासाठी आलो का असं वाटतं. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराची भरती, म्हणून रत्नागिरी सात वाजता सोडायची: आरे-वारे, गणपतीपुळे, केशवसुतांचं मालगुंड, जयगड. जयगडला शास्त्रीची खाडी फेरीबोटीने ओलांडली की पलीकडे तवसाळ, आणि तिथून पुढे हेदवी. दुचाकीवर असाल तर बोटीत चढताना मागच्या माणसाने उतरून चालावं. जेटीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, ओहोटीला तर जास्तच, आणि पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतं. पहिल्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर, सावकाश. बामणघळीशी कातळ जिथे ओला दिसतो तिथपर्यंत लाट आलेली असते, तेव्हा कोरड्या कातळावरच थांबावं. मोठ्या लाटा काही वेळाने अचानक येतात.

जेवणाचं सकाळीच फोन करून सांगावं. इथल्या घरगुती खानावळी पानांच्या अंदाजाने रांधतात. दीड वाजता आयत्या वेळी गेलं तर डाळभात मिळेल, मासे नाही. शेवटच्या फेरीबोटीची वेळ जातानाच विचारून ठेवावी, कारण ती चुकली तर खाडीला आतून मोठा वळसा पडतो.

भांगाच्या शनिवारी कातळशिल्पं. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, तेव्हापासून लोक येतात, पण पुष्कळजण भर दुपारी येतात. डोक्यावरच्या उन्हात कोरलेल्या रेषांना सावलीच नसते, त्यामुळे चित्र सपाट दिसतं. सकाळी आठच्या आत नाहीतर चारनंतर, तिरप्या उन्हात जावं. उक्षी गावचा कोरलेला हत्ती तेव्हा स्पष्ट दिसतो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, झाड नाही, पाणी नाही. दोघांत तीन लिटर पाणी, टोपी, आणि रेषांवर पाय न देण्याची काळजी, एवढं न्यावं. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रांगोळी भरणारे दिसले तर त्यांना अवश्य थांबवा.

किनाऱ्यावरून आल्यावर त्याच संध्याकाळी दुचाकी गोड्या पाण्याने धुवायची. इंजिन गार झाल्यावर चाकांच्या आऱ्या, ब्रेकची चकती, सायलेन्सरची खालची बाजू, स्टँडची स्प्रिंग. गंज इथून सुरू होतो. पाण्याचा जोराचा झोत बेअरिंगवर मारू नये, मीठ आणि वाळू आत ढकलली जाते. मग पुसून साखळीला तेल. सोमवारवर ढकललं तर दुचाकीचं आयुष्य कमी होतं.

एप्रिल-मे मात्र आमच्या हातात नसतो. तेव्हा एक रविवार सासरी, एक माहेरी, कारण दोन्ही घरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं असतात आणि तरणे हात कमी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बी आणि गर वेगळा करायचा, सालं मीठ घातलेल्या रसात भिजवून उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची. पाच-सात वेळा असं केलं की आमसूल काळंभोर आणि टिकाऊ होतं. दोन-तीन पुटांत उरकलेलं आमसूल श्रावणापर्यंत फिकं पडतं. वेळ कमी असेल तर सालांच्या वाट्यांत साखर भरून, सालांच्या दुप्पट वजनाची, काचेच्या बरणीत आठ दिवस उन्हात ठेवावी. सरबताचा पाक तयार होतो. ओला चमचा घातला की बुरशी येते. दोघांनी मिळून अशी कामं केली की आई-वडिलांशी, सासू-सासऱ्यांशी जे बोलणं होतं ते फोनवर कधी होत नाही, म्हणून हे रविवार आम्ही सहलींसाठी मोडत नाही.

पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या दिवसांत चढणीचे मासे विकायला येतात. ते अंडी घालायला वर चढत असतात, आम्ही घेत नाही. शनिवारी रात्री कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा. तीन वाट्या पाण्याला तीन मोठे चमचे पीठ. ते आधी गार पाण्यात कालवून मगच, ठेचलेल्या लसणीच्या फोडणीत उकळलेल्या पाण्यात ओतायचं आणि उकळी येईस्तोवर ढवळत राहायचं; कोरडं पीठ गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. दोन-तीन आमसुलं, पाच मिनिटं उकळी.

आणि त्याच महिन्यांत रविवारी सकाळी दोन तास घरातल्या बुरशीला द्यावे लागतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं, म्हणजे मागे हवा खेळते. चामड्याचे बूट-पट्टे बंद कपाटात ठेवायचे नाहीत, बाहेर टांगून आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसायचे. हेल्मेटचं अस्तर सुटं करून पंख्याखाली वाळवायचं. ठेवणीतल्या साड्या आणि कोट मे महिन्यातच उन्हं दाखवून सुती कापडात बांधायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले तर आत अडकलेल्या दमटपणाने डाग पडतात, आणि ते निघत नाहीत.