गाडीचे अलॉय (ॲल्युमिनियमचे रिम) रंगवायचे की बदलायचे?

गेले दोन महिने मागच्या डाव्या चाकातली हवा आठवड्याभरात 33 वरनं 22 वर यायची. पंक्चरवाल्यानं दोनदा बघितलं, खिळा नाही की काच नाही. आज गाडी उद्यमबागेत, रिम दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. तिथल्या मामांनी टायर उतरवला, रिमच्या कडेवरून नख फिरवलं आणि पांढरी पूड माझ्या तळहातावर ठेवली. "बघा, तुमची हवा हितनं जातीया."

लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, उडालेलं, खाली ॲल्युमिनियमला फोड आलेले. टायर जिथं रिमला घट्ट बसतो तीच कड खडबडीत झाली की हवा झिरपणारच. चोर्ला घाटातनं गोव्याच्या फेऱ्या, तिथली खारी हवा, वर आमचा बेळगावचा पाऊस. चाकं धुवायचा माझा आळस तो वेगळाच.

तीन रिम वाचतील म्हणाले. जुना रंग काढून, कडा साफ करून पावडर कोटिंग, म्हणजे कोरड्या रंगाची पूड मारायची, मग भट्टीत साधारण 200 अंशांवर. चौथ्याला मात्र आतल्या बाजूनं केसाएवढी चीर. वेल्डिंग मारू का विचारलं, तर मामा म्हणाले, "पोरं बसत्यात न्हवं गाडीत?" विषय संपला.

त्या डिझाइनचा एकटा रिम कुठंच मिळेना, आणि चारही नवे घ्यायची ऐपत या महिन्यात नाही. तेवढ्यात माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेल्या कंपनीच्या लोखंडी डिस्क आठवल्या. साइज तीच, टायरही तेच चालतील. अलॉय बसवायच्या हौसेनं त्या काढल्या तेव्हा आई म्हणाली होती, "चांगल्या चाकांना काय धाड भरलीय?"

उद्या शिडी लावून उतरवतोय. आई अजून काही बोललेली नाही.