खवासाला फुंकलं, गिरीपेठेत भोवलं

मध्य प्रदेशात तुरियाजवळच्या एका रिसॉर्टवर मित्राची पन्नाशी होती. मी 3 पेग घेतले, त्यावर दोन वाट्या रस्सा आणि भात चापला, आणि साडेदहाला गाडी काढली. नागपूर दोन-अडीच तासांचा रस्ता. आपण सहज जातो, असं मला वाटत होतं. असं वाटणं हाच तिसऱ्या पेगचा गुण असतो, हे नंतर कळलं.

खवासाच्या अलीकडं बॅरिकेड. समोर महाराष्ट्र, अगदी हाताच्या अंतरावर. हवालदारानं माझ्यासमोर प्लास्टिकची नळी पाकिटातून काढली, यंत्राला लावली आणि म्हणाला, "फूंकिए. और. रुकिए मत." पडद्यावर आकडा चढत गेला. 22, 41, 58. थांबला तो 64 वर. हद्द 30 ची, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम.

गाडी तिथंच राहिली. लायसन्सचं कार्ड त्यांनी ठेवून घेतलं आणि हातात पावती दिली. दारूची केस जागेवर पैसे भरून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 185. पहिल्या वेळेला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. माझं दंडावर भागलं. घरी सांगितलं, क्लच गेला होता, गाडी सिवनीला गॅरेजमध्ये टाकली.

ज्याची पन्नाशी होती त्यानं धीर दिला. "तिकडची केस तिकडंच राह्यते बे. एमपीवाले इकडं कायले येऊन राह्यले?" मला ते पटलं, आणि त्याला कारण आहे. बोर्ड बदलला की कायदा बदलतो, हे आम्हा नागपूरकरांच्या अंगवळणी पडलेलं आहे. वर्ध्यात दारूबंदी, इकडं नाही. चंद्रपुरात 2015 ला बंदी आली, 2021 ला उठली. हद्दीच्या अलीकडच्या टेबलावर बसून आम्ही सगळ्यांनी हा भूगोल पाठ केलेला. मग दंडाची पावतीसुद्धा हद्दीपलीकडंच राहणार, असं वाटलं तर नवल काय?

पुढं एका दुपारी बायकोनं पाकीट फोडलं. "तुमचं टपाल आहे. आरटीओचं." उभ्याउभ्याच वाचलं तिनं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग कागद घडी न घालता टेबलावर ठेवला. "क्लच गेला होता ना?"

कायदा खरं तर सरळ आहे. आपलं लायसन्स नागपुरात निघालं तरी चालतं देशभर, त्यामुळं त्याला लागलेला डागसुद्धा देशभराचा. पोलीस कुठल्याही राज्यातले असोत, दारूच्या केसमध्ये जप्त केलेलं लायसन्स ते लायसन्स अधिकाऱ्याकडं कारवाईसाठी पाठवू शकतात. माझं आलं गिरीपेठेत, नागपूरच्या आरटीओत. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 19 मध्ये पहिल्या गुन्ह्याला 3 महिने अपात्रता आणि दुसऱ्याला थेट लायसन्स रद्द, असं लिहिलं आहे. त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं.

माझं म्हणणं मी पाठ करून गेलो होतो. पंपाच्या सुट्या भागांची एजन्सी आहे, महिन्यातून तीनदा सिवनी, बालाघाट, छिंदवाडा करावं लागतं, पोटाचा प्रश्न आहे. साहेबांनी सगळं ऐकलं, लिहूनही घेतलं. मग विचारलं, "रिसॉर्टवरून निघताना हे आठवलं नव्हतं का?" 3 महिने.

आरटीओच्या बाहेर सल्ल्यांना तोटा नसतो. एक एजंट म्हणाला, हरवल्याची तक्रार करा, डुप्लिकेट काढून देतो. दुसऱ्यानं तर साळ्याच्या छिंदवाड्याच्या पत्त्यावर नवीन काढायचं सुचवलं. दोन्ही बिनकामाचं. एका माणसाला एकच लायसन्स, आणि अपात्रतेच्या काळात दुसरं घेताच येत नाही. लायसन्सवर नोंद झाली असेल तर डुप्लिकेट काढलं तरी ती त्यावर उतरते. कोरं लायसन्स हवं तर आणखी काही न करता 3 वर्षं काढायची. शिवाय 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर दोन्ही राज्यांची लायसन्सं दिसतात, तिथं कुठली आली सिवनी आणि कुठलं नागपूर!

न्यू जर्सीतला पुतण्या फोनवर म्हणाला, काका, आमच्याकडं प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं असतं, तरी सुटका नाही. बहुतेक राज्यांचा आपसात करार आहे, बाहेर झालेली शिक्षा घरच्या राज्याला कळवतात आणि घरचं राज्य इथंच गुन्हा केल्यासारखं धरतं. वर त्यानं हेही सांगितलं की तिकडं हद्द आपल्या हिशेबानं 80 ची आहे. म्हणजे 64 वाला मी! ही माहिती मी घरात कोणाला दिलेली नाही.

3 महिने ड्रायव्हर ठेवला. रोजचे 800 आणि त्याचं जेवण. एकदा मोह झाला होता, इतवारीपर्यंतच तर जायचं होतं. पण अपात्र असताना चालवलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 दंड, आणि कुणाला धडकलो तर विमा कंपनी भरपाई वसूल करायला माझ्याकडं वळणार. चावी परत खिळ्याला लावली. बायकोच्या स्कूटीवर मागं बसून गेलो. सीताबर्डीच्या सिग्नलवर एका गिऱ्हाइकानं हात केला, मी हेल्मेटची काच खाली ओढली.

मुदत संपली म्हणून कार्ड आपोआप हातात पडत नाही, आधी उजळणीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. 26 वर्षं गाडी चालवणारा मी बाकावर बसलो. शेजारी कळमन्याचा एक ट्रकवाला. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, तुम्हीबी फुंकूनच आले काय?" शिकवणारा पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. खडूनं फळ्यावर गोल काढून त्यानं पहिला तास सुरू केला.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "काय शिकवलं?"

"क्लच."

"बरं झालं," ती म्हणाली. "कसा जातो ते तरी कळलं असेल."