आमची वाटचाल : आधी बोट, मग रिमोट

ठाण्याच्या जुन्या बाजारपेठेतलं आमचं दुकान मुळात बाबांचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. रिमोटवरच्या गाड्या आणि बोटी दुरुस्तीला यायच्या, त्या बाबा माझ्याकडे सरकवायचे. "खेळण्याचे कोण किती देणार?" हा त्यांचा सवाल रास्तच होता. पण टीव्ही सपाट झाले, दुरुस्ती म्हणजे अख्खा बोर्ड बदलणं असं होऊन बसलं आणि हातात सोल्डरिंग गन धरण्यासारखं काम उरलं ते छंदी मंडळींकडेच. दुकानाने वळण घेतलं ते असं, हळूहळू. आज पाटीवर टीव्हीचं नाव नाही. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या मॉडेलचे ट्रान्समीटर (म्हणजे हातातला रिमोट), त्याचा हुकूम ऐकणारे रिसीव्हर, सुकाणू वळवणारे छोटे सर्व्हो मोटर, मोटरचा वेग सांभाळणारे स्पीड कंट्रोलर एवढाच धंदा, आणि त्यातही बोटीवाल्यांची गर्दी जास्त. तलावांच्या गावात दुसरं काय होणार!

सुरुवात केली तेव्हा सगळा कारभार 27 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर. त्या पट्ट्यात नेमकी लहर ठरवणाऱ्या क्रिस्टलचे सहा रंग: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. ट्रान्समीटरमध्ये एक आणि बोटीत त्याच रंगाचा जोडीदार. पाण्यावर दोघांकडे पिवळा निघाला की एकाने काठावर बसायचं, नाहीतर एकाच्या हुकमावर दुसऱ्याची बोट वळायची. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मी क्रिस्टल आणायचो ते रंग बघून, आणि कोणी काय नेलं याची वही ठेवायचो, म्हणजे एकाच ग्रुपमधल्या दोघांना सारखा रंग जाऊ नये.

2005 च्या जानेवारीत केंद्र सरकारने 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. हेतू वाय-फायसारख्या गोष्टींचा होता, पण फायदा आमचाही झाला. नव्या सेटमध्ये ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची एकदा ओळख करून दिली, म्हणजे बाइंड केलं, की बाजूला कितीही बोटी चालू देत. रंगांची वही बंद झाली.

मग इंजिनिअरिंगची पोरं आली. कॉलेजच्या टेकफेस्टमध्ये बोटींच्या शर्यती सुरू झाल्या होत्या. थर्माकोलची नाव, मागे दोन मोटरी, सुकाणू नाहीच; डावी-उजवी मोटर कमी-जास्त करून वळायचं. तेव्हा सगळ्यांच्या हातात फ्लायस्काय कंपनीचा सीटी-सिक्स-बी रिमोट असायचा. त्याला स्क्रीनच नाही, सेटिंग बदलायचं तर केबल लावून कॉम्प्युटरवर. पोरं पीसीसमोर रांग लावून उभी राहायची. (2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरांबरोबर या नावाही गेल्या. आता सनबोर्डच्या येतात, त्या दिसतात छान, पण कड नीट सील केली नाही तर पाणी पितात.)

या पोरांचा ठरलेला प्रश्न: "काका, ड्रोनचा रिमोट आहे मित्राचा, चालेल ना?"

चालतो. पण अशा ड्रोनच्या रिमोटवर बहुधा डाव्या हाताची थ्रॉटलची, म्हणजे वेगाची, स्टिक सोडली तिथेच थांबते, मध्यावर परत येत नाही. बोटीला पुढे-मागे दोन्ही हवं, म्हणजे 'थांब' हा बिंदू स्टिकच्या बरोबर मधोमध. घाईत तो सापडत नाही आणि बोट काठावर आपटते. यासाठी रिमोट उघडून स्प्रिंगा बदलायची गरज नाही. फ्लायस्कायच्या एफएस-आय-सिक्सवर उजवी स्टिक दोन्ही दिशांनी मध्यावर परत येते; आडवी हालचाल चॅनल 1, उभी चॅनल 2 (एक चॅनल म्हणजे बोटीतली एक गोष्ट हलवणारा एक वेगळा हुकूम). एका मोटरची बोट असेल तर सुकाणूचा सर्व्हो 1 वर, स्पीड कंट्रोलर 2 वर. अख्खी बोट एका अंगठ्यावर चालते. दोन मोटरींची असेल तर दोन्ही कंट्रोलर 1 आणि 2 वर लावायचे आणि मेन्यूत एलेव्हॉन मिक्स चालू करायचा, म्हणजे स्टिकच्या उभ्या-आडव्या हालचाली एकत्र होऊन दोन्ही मोटरींना जातात. ही सोय विमानाच्या पंखांसाठी केलेली, पण बोटीला तंतोतंत बसते. दोन्ही कंट्रोलर रिसीव्हरला वीज देणारे असतील तर एकाची लाल वायर प्लगमधून काढून टेप लावायची, म्हणजे दोघांचं भांडण होत नाही. एवढं सांगितलं की पोरांचे निम्मे पैसे वाचतात. माझी विक्री बुडते, पण पुढच्या वर्षी त्यांचे ज्युनिअर येतात.

शर्यतीच्या वेगवान बोटीवाल्यांना मात्र मी पिस्तुलाच्या आकाराचा, चाक आणि ट्रिगरवालाच देतो. दोन-तीन चॅनल त्यांना पुष्कळ होतात. वळण चाकाने घेतलेलं हाताला कळतं, आणि ट्रिगरवरचं बोट सुटलं की मोटर आपोआप न्यूट्रलला, म्हणजे 'थांब'वर, येते. कोणी दहा चॅनलचा मागितला तर मी आधी विचारतो, बोटीत हलणाऱ्या गोष्टी किती? उत्तर बहुतेकदा 'दोन' येतं.

याच्या उलट गिऱ्हाईक म्हणजे आमचे कॅप्टनसाहेब. मर्चंट नेव्हीतून निवृत्त, डोंबिवलीहून यायचे. बंदरातला टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी बोट, बनवत होते; दोरखंडाची गुंडाळी, टायरचे फेंडर, सगळं प्रमाणात. त्यांना मध्यावर परत येणारी स्टिक अजिबात नको होती. "जहाजावर 'हाफ अहेड' दिलं की टेलिग्राफ, म्हणजे इंजिनाला हुकूम देणारा दांडा, तिथेच राहतो. मी हात काढला म्हणून इंजिन थांबेल का?" म्हणणं बरोबर होतं, फक्त न्यूट्रल सापडायला हवा होता. मग मी रिमोटची पाठ उघडली. स्टिकच्या बाजूला दातेरी कडा असते, तिच्यावर एक पातळ धातूची पट्टी कटकट करत सरकते. सगळे दाते सारखेच असतात. मधोमधची खाच बारीक कानशीने थोडी खोल केली, पट्टीचा स्क्रू पाव फेरा आवळला. आता स्टिक ढकलताना मधोमध एक टच् बसतो, न बघताही अंगठ्याला कळतो. साहेबांनी ती चार-पाच वेळा वर-खाली केली आणि म्हणाले, "बस." उरलेले चॅनल भोंगा, डेकवरचे दिवे आणि नाळेतला आडवा थ्रस्टर (बोटीचं तोंड बाजूला ढकलणारा पंखा) यांना गेले. सहा चॅनल कुठे लागतात हे बघायचं असेल तर ते अशा बोटीत. शिडाच्या बोटीलाही सोडली तिथे राहणारी स्टिकच सोयीची. शीड एकदा सैल केलं की सारखा अंगठा दाबून धरावा लागत नाही.

चॅनलपेक्षा मी जास्त बोलतो ते अँटेनावर, आणि गिऱ्हाईक तेवढंच कंटाळतं. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. रिसीव्हर बोटीच्या तळाशी ठेवला, अँटेना पाण्याच्या पातळीखाली गेली, की दुकानात झकास चालणारी बोट तलावाच्या मध्यावर दगा देते. अँटेनाचं टोक पाण्याच्या रेषेपासून जितकं वर नेता येईल तितकं न्यायचं, दोन असतील तर एक उभी, एक आडवी. नाव कार्बन फायबरची असेल तर टोक बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. खाडीत चालवणाऱ्यांच्या रिसीव्हरच्या बोर्डावर आम्ही कोटिंग मारून देतो. खाऱ्या पाण्याचा एक थेंब पिनांमध्ये बसला की हिरवा गंज चढतो.

पाणबुडीवाला एखादाच येतो, त्याला मात्र 2.4 चा सेट मी विकत नाही. गोड्या पाण्यातही काही सेंटिमीटर खाली तो मुका होतो. तिथे 27 मेगाहर्ट्झचाच जुना सेट कामाचा. तळ्यात तो काही मीटर खोलीपर्यंत पोचतो, समुद्रात तोही नाही. म्हणून जुने सेट आणि क्रिस्टल आम्ही अजून जपून ठेवले आहेत.

विमानवाले कधीकधी दुकानात बोटींना हसतात. त्यांना मी सांगतो, निकोला टेस्लाने 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालवून दाखवली ती बोटच होती, विमान तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

आमच्या दुकानाचा एक नियम मात्र कधी बदलला नाही. फेलसेफ तपासल्याशिवाय बोट बाहेर जात नाही. सिग्नल तुटला तर मोटरीने काय करायचं, हे बऱ्याच सेटमध्ये मेन्यूत जाऊन आपणच ठरवावं लागतं, आणि ते कोणी वाचत नाही. कोपऱ्यात पाण्याने भरलेला निळा टब कायम असतो. बोट त्यात सोडायची, मोटर अर्ध्यावर न्यायची आणि गिऱ्हाइकालाच रिमोट बंद करायला लावायचं. मोटर थांबली तर ठीक. चालू राहिली तर आम्ही सेटिंग करतो आणि पुन्हा त्याच्याच हाताने बंद करायला लावतो. तलावात माणसांच्या बोटी आणि बदकं दोन्ही असतात. पंखा फिरत राहिलेली बेवारस बोट ही थट्टेची गोष्ट नाही.

हल्ली निम्मे लोक सेट ऑनलाइन घेतात आणि सेटिंगसाठी आमच्याकडे येतात. सुरुवातीला याचा राग यायचा. मग ताईने, म्हणजे आमचे हिशेब बघणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीने, सरळ सेटिंगचा दर लिहून काउंटरवर लावला. आता महिन्याचं भाडं त्यातूनच सुटतं आणि सेट कुठून घेतला हे आम्ही विचारतही नाही. यायच्या आदल्या रात्री बॅटरी चार्ज करा, रिमोटचे सेल नवे टाका आणि बोट सोबत आणा. नुसता रिमोट घेऊन आलात तर ताई परत पाठवते.